चूक सांगायची सोय



आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, "बाईंनी या वयात संगणकाची शिकवणी सुरू केली वाटते!" तसे काही नाही हो. शिकवणी घेण्याइतके मला त्यातले कळत नाही. पण विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या कचेऱ्यांतून 'संगणक सुरक्षा' या नावाखाली जे काही चालते, त्यातला निम्मा भाग संगणकाचा नसून माणसांचा आहे. आणि माणसांबद्दल, विशेषतः चुका करणाऱ्या माणसांबद्दल बोलण्याचा थोडासा अधिकार ३४ वर्षे वर्गात उभे राहिल्यावर येतो, असे मला वाटते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचायची सक्ती नको. ज्या कचेरीत 'साहेब, माझ्याकडून चूक झाली' हे सांगायची सोय नाही, त्या कचेरीतला एकही संगणक सुरक्षित नाही. मग त्यावर कितीही महागाचे अँटिव्हायरस बसवा.

विषय निघाला तो असा. माझी भाची (भावाची मुलगी) एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीला आहे. कोणते विद्यापीठ ते विचारू नका, तिला तिथूनच निवृत्त व्हायचे आहे! मागच्या महिन्यात त्यांच्याकडे संगणकाच्या वापराबद्दलचे परिपत्रक आले. चौदा पाने, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर 'वाचले व समजले' म्हणून सही करायची. भाची म्हणाली, "आत्या, सह्या सगळ्यांनी केल्या. समजलं किती जणांना, ते विचारू नकोस. तू जरा मराठीत करून दे ना." त्या निमित्ताने मी ते परिपत्रक दोनदा वाचले, तिला शंभर प्रश्न विचारले, आणि त्या बोलण्यातून एक हकिकत कळली.

त्यांच्या विभागात एक कंत्राटी मुलगी होती. गुणांची नोंद करण्याचे काम. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा अकरा महिने... तुम्हाला तो प्रकार ठाऊक आहेच. एके दिवशी तिला ई-मेल आली, 'तुमची मेलपेटी भरली आहे. २४ तासांत खात्री न केल्यास खाते बंद होईल.' खाली एक दुवा. तिने टिचकी मारली. विद्यापीठाच्या बोधचिन्हासकट हुबेहूब पान उघडले. तिने पासवर्ड भरला. पुढे काहीच झाले नाही. दहा मिनिटांनी तिच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तिने हळूच विचारले. त्या म्हणाल्या, "गप्प बस. गेल्या वर्षी एकानं असं सांगितलं, तर साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि वर मेमो दिला."

ती गप्प बसली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिच्या खात्यावरून शेकडो विद्यार्थ्यांना पत्र गेले, 'पुनर्मूल्यांकनाचे शुल्क पुढील क्रमांकावर भरा.' पत्र विद्यापीठाच्या खऱ्या पत्त्यावरून आलेले, मग मुलांनी विश्वास का ठेवू नये? काहींनी पैसे भरले. उसने आणून भरले. चौकशी झाली आणि मुलीची पुढची ऑर्डर निघाली नाही. फाइल बंद!

आता मला सांगा, यात चूक कोणाची आणि किती? पत्र पाठवणारा भामटा गुन्हेगार आहे, त्यात वाद नाही. मुलीने पासवर्ड भरला ही चूकच. पण ती चूक झाली तेव्हा तिचे वय होते दहा मिनिटे. त्याच वेळी तिने संगणक कक्षाला फोन केला असता, तर त्यांनी तिचा पासवर्ड बदलला असता, कुठे दुसरीकडे ते खाते उघडले असेल तर तिथून बाहेर काढले असते, आणि प्रकरण चहाच्या वेळेआधी संपले असते. मुलांचे पैसे बुडाले ते चुकीमुळे कमी आणि दोन दिवसांच्या गप्प बसण्यामुळे जास्त. आणि ते गप्प बसणे तिला कोणी शिकवले? गेल्या वर्षीच्या मेमोने. ज्याने तो मेमो दिला त्याच्या ऑर्डरला मात्र कुठे खंड पडलेला नाही.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंचा एक नियम होता. आम्ल सांडले तर आधी मोठ्याने ओरडून सांगायचे, रागावणे-बिगावणे नंतर. त्या तशा कडक होत्या, पण सांडल्याबद्दल त्यांनी कधी कोणाला छडी मारली नाही. सांडून लपवल्याबद्दल मात्र मारली. कारण एकाने लपवलेल्या आम्लावर दुसऱ्याचा हात पडतो. संगणकाचेही तसेच आहे. फरक एवढाच, की इथे ज्याचा हात भाजतो तो विद्यार्थी दोनशे किलोमीटरवर बसलेला असतो आणि आपल्याला दिसत नाही.

'आमच्या कचेरीत चोरण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्या नाशिकपुरतेच पाहा. १९८९ साली इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत ते शेतकरी, गृहिणी, कामगार अशा लोकांपर्यंत पोचले, ज्यांना दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयाचे दार उघडले नसते. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले. राज्यभरच्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या महाविद्यालयांचा कारभार इथून चालतो. म्हणजे लाखो माणसांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, जन्मतारखा, गुण. कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात हाच ऐवज असतो. शिष्यवृत्तीसाठी दिलेला बँकेचा खाते क्रमांक असतो. सोने चोरीला गेले तर पुन्हा घेता येते. जन्मतारीख पुन्हा घेता येत नाही!

बरे, हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्ट नावाचे विद्यापीठ आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे फसवी पत्रे आली आणि कोणीतरी त्यातला दुवा उघडला. चोर आत शिरले आणि दोन महिने गुपचूप हिंडत राहिले. २३ डिसेंबरला, ऐन नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हरना कुलूप घातले आणि खंडणी मागितली. जपून ठेवलेल्या काही प्रती त्याच जाळ्यात होत्या, त्यामुळे त्याही कुलूपबंद झाल्या. शेवटी विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो मोजले. खंडणी द्यावी की नाही हा वेगळा वाद आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर सभा घेऊन, तपास करणाऱ्या संस्थेचा अहवाल सगळ्यांपुढे ठेवून सांगितले, की चोर कुठून आला, आमचे काय चुकले, कुठले सर्व्हर वेळेवर दुरुस्त केलेले नव्हते, आणि दुसऱ्या विद्यापीठांनी यातून काय घ्यावे. दुवा उघडणाऱ्याला चौकात उभे केले नाही. पुढे त्या खंडणीतला काही भाग पोलिसांच्या हाती लागला. मधल्या काळात बिटकॉइनचा भाव इतका वाढला होता, की २०२२ मध्ये परत मिळालेल्या भागाची किंमतच सुमारे पाच लाख युरो भरली. ती रक्कम अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरायचे विद्यापीठाने ठरवले. गोष्टीचा शेवट गोड झाला हा नशिबाचा भाग. पण चूक उघड सांगितली हा नशिबाचा भाग नव्हता, तो निर्णय होता.

इथे माझ्या परिचयातले एक निवृत्त कुलसचिव माझ्याशी तावातावाने भांडले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार मऊ बोलता. शिक्षाच नसेल तर कोण काळजी घेईल? उद्या प्रत्येक जण दुवे उघडेल आणि हसत येऊन सांगेल, झाली बुवा चूक!" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. शिस्त लागतेच. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे आम्ही सांभाळली आहेत. सील, सह्या, वेळेची नोंद, साक्षीदार... त्यात कोणी ढिलाई केली तर आम्हीही सोडले नसते. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. पाकिटाचे सील फाटलेले आढळले तर त्याच क्षणी वर कळवायचे, असा लेखी नियम होता, आणि कळवणाऱ्याला आरोपी मानले जात नव्हते. शिक्षा असावी, पण ती लपवण्याला असावी. सांगूनही पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्याला असावी. पहिल्या तासात सांगणाऱ्याला नसावी.

आणि पाहा, सरकारची स्वतःची व्यवस्थासुद्धा याच तत्त्वावर उभी आहे. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, असे जे सांगतात त्याचे कारण काय? चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारत असतात. तुम्ही लवकर सांगितले तर मध्येच कुठेतरी ते गोठवता येतात. सारे काही लवकर सांगण्यावर अवलंबून आहे. मग जिथे सांगायलाच माणूस घाबरतो, तिथे कोणता क्रमांक काय कामाचा?

असो. भाचीला मी त्या चौदा पानांचे भाषांतर काही करून दिले नाही. त्यातल्या बाराएक पानांत 'कायदेशीर कारवाई करण्यात येईल' याच्या निरनिराळ्या आवृत्त्या होत्या. मी तिला एक पान लिहून दिले. माझ्या ओळखीतल्या, संगणक कक्षात काम केलेल्या एका माजी विद्यार्थ्याकडून ते तपासून घेतले. आपल्या वाचकांत महाविद्यालयांत, बँकांत, कचेऱ्यांत काम करणारी मंडळी बरीच आहेत, म्हणून त्यातला मजकूर इथे देते.

१. पत्त्याचे आडनाव वाचा. आपल्याकडे आधी नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि शेवटी आडनाव. घराणे कळते ते शेवटच्या शब्दावरून. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबा आणि तिथून मागे वाचा. 'परीक्षा डॉट विद्यापीठ डॉट एसी डॉट इन' हे विद्यापीठाच्या घरचे. पण 'विद्यापीठ-एसी-इन डॉट तपासणी डॉट कॉम' हे कोणा तपासणी डॉट कॉमवाल्याचे, त्याने पुढे कितीही विद्यापीठाचे नाव लावले तरी! एसी डॉट इन हे आडनाव मागेल त्याला मिळत नाही. अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था ते शिक्षणसंस्थांनाच देते. तरीही सावध राहा. खऱ्या पत्त्यावरून आलेले पत्र खोटे असू शकते, हे वरच्या हकिकतीत पाहिलेच. पैसे, पासवर्ड किंवा घाई यांपैकी काहीही मागणारे पत्र आले, तर पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या क्रमांकावर फोन करून विचारावे. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

२. पासवर्ड लांब हवा, अवघड नको. ठरावीक काळाने पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, ही सक्ती कुठून आली ठाऊक आहे? अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली तसे मार्गदर्शन लिहिले होते. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ला सांगितले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचे दिसले तर बदला. त्या सक्तीने लोक काय करत होते? तेच, जे आपण सगळे करतो. नाशिक ॲट १२३, मग नाशिक ॲट १२४. आणि तेही लक्षात राहात नाही म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत. तवा, जिराफ, सुतळी, पाऊस... (हेच घेऊ नका हो, आता ते जगजाहीर झाले!) कचेरीचा वेगळा, बँकेचा वेगळा, ई-मेलचा वेगळा. राहात नसतील लक्षात तर वहीत लिहून वही घरच्या कपाटात कुलपात ठेवावी. घरचे कपाट कचेरीतल्या मॉनिटरपेक्षा सुरक्षित असते.

३. दाराला दुसरी कडी. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा अंक, म्हणजे ओटीपी, ही दुसरी कडी. जिथे ही सोय असेल तिथे ती सुरू करा. आणि तो अंक फोनवर कोणालाही सांगू नका. 'मी संगणक कक्षातून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही नाही. खऱ्या संगणक कक्षाला तुमच्या पासवर्डची गरज नसते. फोनवर कोणी एनीडेस्कसारखे काही उतरवून घ्यायला सांगितले, तर फोन ठेवा आणि स्वतः कक्षाला फोन करा.

४. जागेवरून उठताना पडदा ओढा. विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबले की संगणकाला कुलूप लागते. चहाला जाताना टेबलाचा खण आपण लावतो ना? तेवढाच वेळ लागतो.

५. झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह. दिवसभरात पन्नास माणसांचे पेन ड्राइव्ह ज्या संगणकाला लागतात, तिथून आपला परत आणून थेट परीक्षा विभागाच्या संगणकाला लावणे म्हणजे साथीच्या दिवसांत सगळ्यांनी एकाच भांड्याने पाणी पिणे. आणि व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती 'एपीके' प्रकारची असेल तर ती पत्रिकाही नव्हे आणि पावतीही नव्हे. तो मोबाइलमध्ये शिरू पाहणारा प्रोग्रॅम असतो.

६. दुरुस्ती टाळू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला. ज्या भेगेतून ते शिरले ती बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. आपण मात्र 'अपडेट नंतर करा' वर टिचकी मारत राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती थांबली. ज्या कचेरीत अजून ती यंत्रे आहेत, तिथल्या कारकुनाला सुरक्षेचे धडे देण्याआधी प्रशासनाने आपल्या खरेदी समितीला द्यावेत.

७. दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या घरात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असेच बंद पडले आणि पुढे बरेच दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. कामाची प्रत ठेवावी आणि निदान एक प्रत संगणकाला न जोडलेल्या ठिकाणी ठेवावी. घराची दुसरी किल्ली त्याच घरात ठेवून उपयोग नसतो.

आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: काही गडबड वाटली तर या क्रमांकावर लगेच सांगा. सांगणाऱ्याला विचारणा होणार नाही.

भाचीने ते पान साहेबांना दाखवले. सातही मुद्दे त्यांना आवडले. शेवटचे वाक्य तेवढे त्यांनी पेनाने खोडले! म्हणाले, हे लेखी कसे देणार? मंडळी, माझा सगळा लेख त्या एका खोडलेल्या वाक्यासाठी आहे. सात मुद्दे कुठेही मिळतात. ते आठवे वाक्य मिळत नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवे, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. ती म्हणजे उसना दिलेला पासवर्ड. साहेबांना संगणकाचा कंटाळा, म्हणून त्यांचा पासवर्ड लिपिकाला पाठ. लिपिक रजेवर, म्हणून तो कंत्राटी मुलाला पाठ. एक दिवस गुणांत फेरफार निघतो. संगणकाच्या नोंदीत नाव साहेबांचे, आणि बोट मात्र सगळ्यांत शेवटच्या माणसाकडे. २०२५ मध्ये नागपूर विभागातले बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण आपण वाचले. शिक्षकांच्या पगाराच्या प्रणालीत खोटे क्रमांक तयार करून सरकारी पैसे उचलल्याच्या तक्रारीवरून गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. पण अशा प्रकरणात 'लॉगिन कोणाचे आणि वापरले कोणी' हा पहिला प्रश्न असतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणून तरुण नोकरदारांना माझे सांगणे, की वरिष्ठांचा पासवर्ड विश्वासाची खूण म्हणून घेऊ नका. नम्रपणे म्हणा, "सर, माझ्या नावाने लॉगिन काढून द्या, मी काम करतो." हे म्हणणे कंत्राटी माणसाला सोपे नाही, हे मला कळते. म्हणूनच ते त्याच्यावर सोडू नये. प्रत्येकाला त्याच्या नावाचे लॉगिन देणे हे संस्थेचे काम आहे.

मदतीच्या बाबतीतही तेच. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पदवी परीक्षांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी पहिल्यांदाच पडद्यावर वाचून गुण द्यायचे. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांचे हाल झाले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. पद्धत मुळात वाईट नव्हती. पण यंत्र आधी आणले आणि माणसांची तयारी नंतर करायची ठेवली. नवे सॉफ्टवेअर आणताना त्याच्या किमतीची चर्चा होते. ते वापरणाऱ्याचा फोन उचलायला किती माणसे लागतील, याची होत नाही.

आणि तो फोन मराठीत उचलला जावा! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. पण परिपत्रकातला धोक्याचा इशारा जर वाचणाऱ्याच्या भाषेत नसेल, तर तो इशारा कसला? मला शुद्धतेचा हट्ट नाही. 'परवलीचा शब्द' म्हणा की 'पासवर्ड' म्हणा, माझे काही म्हणणे नाही. वाक्य मात्र मराठी हवे आणि सूर माणसाचा हवा. 'एवढंही येत नाही का?' हे वाक्य मदत कक्षातून एकदा जरी ऐकू आले, तरी तो माणूस पुन्हा फोन करत नाही. वर्गात मी हे पाहिले आहे. एका शंकेला हसलात की पुढच्या चाळीस शंका घरी जातात.

बरेच लांबले. जाता जाता एक विनंती. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, अशा वाचकांनी उद्या कचेरीत गेल्यावर दोनच गोष्टी पाहाव्यात. गडबड झाली तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक आपल्या शिपाईमामांना पाठ आहे का? आणि तो फोन करणाऱ्याचे काय होते, असे विचारल्यावर ते काय उत्तर देतात? मेमो मिळतो, असे म्हणाले तर सुरक्षेवरचा पुढचा खर्च थोडा थांबवून आधी तो मेमो मागे घ्या. आणि त्या मुलीसारखी कोणाची ऑर्डर तुमच्या टेबलावर सहीसाठी अडली असेल, तर फाइल पुन्हा एकदा उघडून पाहा.

तुमच्याकडे काय पद्धत आहे ते जरूर कळवा. संस्थेचे नाव नाही लिहिले तरी चालेल.